दिवा नेमका कधी लागतो?

पूर्ण बंद पडलेली गाडी दुरुस्त करणं तुलनेनं सोपं असतं. ती गॅरेजपर्यंत ओढून आणावी लागते, पण एकदा आली की बिघाडही तिच्यासोबत आलेला असतो. खरी परीक्षा बघते ती स्वतःच्या चाकांवर नीट चालत येणारी गाडी. मालक सांगतो, काल चढावर गिअरबॉक्सचा दिवा लागला, गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली, कितीही रेस केली तरी पळेना. बाजूला घेऊन बंद केली, परत चालू केली, तर सगळं ठीक. आपण गाडी फिरवून आणतो. गिअर अलगद पडतात, दिवा लागत नाही, कुठलाही आवाज नाही. मालक ओशाळतो आणि म्हणतो, "आता तुमच्यासमोर काहीच होईना बघा."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. फोर-बाय-फोर गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम हा माझा धंदा. हौसेनं चिखलात गाडी घालणारे शनिवार-रविवारी येतात, पण माझ्याकडच्या बहुतेक गाड्या कामाच्या आहेत. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या बागायतदारांच्या, खाणीवर जाणाऱ्यांच्या, डोंगरातल्या टॉवरची देखभाल करणाऱ्यांच्या. पावसाळ्यात या गाड्या ओढे पार करतात, उन्हाळ्यात जांभ्याचा तांबडा फुफाटा खातात. गाडीखालच्या वायरिंगचे जेवढे हाल इथं होतात, तेवढे शहरात फिरणाऱ्या गाडीचे दहा वर्षांतही होत नाहीत.

या गाड्यांमधल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला स्वतःचा कॉम्प्युटर असतो. आत येणारा शाफ्ट किती फिरतोय, बाहेर जाणारा किती फिरतोय, ऑइल किती तापलंय, दांडा कुठं आहे, हे तो सतत बघत असतो. त्यावरून तो विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो आणि ऑइलचा दाब आतल्या योग्य क्लचपर्यंत पोचवतो. मिळणाऱ्या माहितीचा त्याला भरवसा वाटेनासा झाला, की तो जोखीम घेत नाही. क्लच घसरून जळू नयेत म्हणून गाडी एका ठरलेल्या गिअरमध्ये ठेवतो आणि दिवा लावतो. यालाच आम्ही 'लिंप मोड' म्हणतो. गाडी बंद करून चालू केली की तो नव्यानं तपासणी करतो, आणि त्या क्षणी सगळं जागेवर असेल तर दिवा विझतो. म्हणजे दिवा एवढंच सांगतो, की मघाशी मला काहीतरी पटलं नव्हतं. गिअरबॉक्स खराब झालाय, असं त्यानं कुठंही म्हटलेलं नसतं.

पण पुष्कळ ठिकाणी दिव्याचा अर्थ तसाच घेतला जातो. स्कॅनर लावला की बऱ्याचदा 'पी०७००' हा कोड दिसतो. या कोडचा अर्थ फक्त इतकाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे. ती तक्रार काय आहे, हे त्या कॉम्प्युटरमध्ये शिरूनच वाचावं लागतं. स्वस्तातले स्कॅनर बहुधा इंजिनच्या कॉम्प्युटरपाशीच थांबतात. मग 'पी०७००' बघून कोणी ऑइल बदलतं, कोणी सेन्सर बदलतं, कोणी थेट व्हॉल्व्ह बॉडीचा, म्हणजे त्या व्हॉल्व्हच्या अख्ख्या ठोकळ्याचा, खर्च सांगतं. आणि त्याच्याही आधी कोड पुसून टाकतात. माझ्या गॅरेजमधल्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो, की कोड लिहून घेतल्याशिवाय आणि त्याच्यासोबत साठवलेले आकडे उतरवल्याशिवाय पुसायच्या बटणाला हात लावायचा नाही. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती फेऱ्यांवर होतं, ऑइल किती तापलं होतं, याची नोंद तिथं असते. गाडी गॅरेजमध्ये गप्प असते, तेव्हा बोलणारी ती एक गोष्ट असते.

दुसरी बोलणारी गोष्ट म्हणजे गाडी चालवणारा माणूस. त्याला काय झालं हे विचारण्यापेक्षा कधी झालं हे विचारण्यावर माझा भर असतो. सकाळी की दुपारी? चढाला की उताराला? ओझं होतं का? टू-व्हीलमध्ये होता की फोर-व्हील लोमध्ये? ओढा ओलांडल्यावर किती वेळानं? गाडी धुऊन आणली होती का? नुकतं काही बसवून घेतलंय का, विंच, जादा लाइट, टायर, खालचा पत्रा? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण आधी 'नाही' म्हणतात. मग थोड्या वेळानं म्हणतात, "हां, ते लाइटचं एक काम केलं होतं, पण त्याचा काय संबंध?"

चंदगड तालुक्यात काजूची बाग असलेल्या एका आबांची गाडी माझ्याकडे आली, तेव्हा तिची बरीच तपासणी आधीच होऊन गेली होती. पहिल्यांदा दिवा लागला तो पावसाळ्यात. पाणी शिरलं असणार म्हणून एके ठिकाणी गिअरबॉक्सचे कनेक्टर उघडून साफ करून दिले. काही महिने बरं गेलं. मग काजूच्या हंगामात, रखरखीत उन्हात, दिवा पुन्हा लागायला लागला. आता पाण्याला दोष देता येईना. दुसऱ्या ठिकाणी निष्कर्ष निघाला, की दिवा कायम परतीच्या वाटेवर लागतो, म्हणजे गिअरबॉक्स तापल्यावर लागतो, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी गेली. खर्च पावणेदोन लाख. आबा तो कागद घेऊनच माझ्याकडे आले.

"सकाळी जाताना कधी लागलाय का?" मी विचारलं.

"कधीच नाही. येतानाच. त्या मोठ्या चढावर."

"आणि जाताना तोच रस्ता उतार?"

"उतारच की. बाग खाली दरीला हाय. जाताना रिकामी, येताना पोती भरलेली."

परतीची वाट म्हणजे तापलेली गाडी, हे खरं. पण परतीची वाट म्हणजे चढ, ओझं, लो गिअर आणि चरांमधून वाकडीतिकडी होणारी चॅसी, हेही तितकंच खरं. सुदैवानं दुसऱ्या ठिकाणाहून आल्यानंतर दिवा परत लागला होता, त्यामुळे कोड शिल्लक होते. एका नोंदीत गिअरबॉक्सचं ऑइल ९२ अंश होतं, दुसरीत ६४. चौसष्ट म्हणजे तापलेला गिअरबॉक्स नव्हे. दोन्ही नोंदींत वेग मात्र ताशी ७ किलोमीटरच्या आत होता, आणि दोन्ही वेळा गाडी लोमध्ये होती. उष्णतेचा संशय माझ्यापुरता तिथंच मिटला.

कोडही वेगळंच सांगत होते. 'यू०१०१' म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला, 'यू०१२१' म्हणजे एबीएसच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. एकाच क्षणी दोन वेगळ्या कॉम्प्युटरच्या खोक्यांचा संपर्क तुटत असेल, तर ती दोन्ही खोकी एकदम खराब होणं फार दुर्मिळ. दोघांच्या मध्ये सामायिक काय आहे, ते शोधायचं: वीजपुरवठा, अर्थिंग, किंवा एकमेकांशी बोलायच्या दोन वायरी.

या दोन वायरींना 'कॅन बस' म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीनं ही पद्धत १९८६ साली जगासमोर आणली. त्याआधी प्रत्येक सेन्सरपासून प्रत्येक खोक्यापर्यंत वेगळी वायर ओढावी लागे. कॅनमध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरींवरून सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात. शांत असताना दोन्हींवर अडीच व्होल्टच्या आसपास दाब असतो. बोलताना एक वर साडेतीनपर्यंत जाते, दुसरी खाली दीडपर्यंत येते. दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे बॅटरी सोडवून मोजलं तर मीटरवर साठाच्या जवळ आकडा यायला हवा. १२० आला तर एक टोक सुटलेलं, शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या.

आबांच्या गाडीत साठच आला. बॅटरी उत्तम, स्टार्टर मारताना दाब दहा व्होल्टच्या वरच राहत होता. अर्थिंग मी ओहममध्ये मोजत नाही, कारण दहा तारांपैकी नऊ तुटल्या तरी उरलेली एक तार मीटरला खूश करते. सगळे लोड चालू करून, करंट वाहत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सच्या अंगापर्यंत किती व्होल्ट पडतात, ते बघतो. तेही एक दशांश व्होल्टच्या आत होतं. म्हणजे उभ्या गाडीत सगळं ठीक. ही गाडी उभी असताना ठीकच असणार, हे आबा पहिल्यापासून सांगत होते.

अशा वेळी हात शिवशिवतात. गाडी वर घ्यावी, खालचा पत्रा काढावा, प्रत्येक कनेक्टर ओढून बघावा, साफ करून परत लावावा. हा मोह आवरणं हे या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे, असं मला वाटतं. कनेक्टर काढून लावला की आतले पिन घासले जातात, संपर्क तात्पुरता सुधारतो. वायरिंग हलवलं की त्याची बसण्याची जागा बदलते. बिघाड जातो, पण तो कशामुळे होता हे कायमचं कळेनासं होतं, आणि महिन्याभरानं दरीतल्या चढावर तो परत येतो. म्हणून नियम असा: आधी बिघाड घडवून आणायचा, मगच हात लावायचा. चंदगडचा चढ गॅरेजमध्ये उभा करायचा.

डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनवर कॅनच्या दोन वायरी येतात. तिथं वायरींमधला दाब पडद्यावर रेघांनी दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. तिरप्या समोरासमोरच्या दोन चाकांखाली लाकडी ठोकळे देऊन चॅसीला पीळ दिला, बाकीच्या चाकांना उटी लावल्या, गाडीच्या पुढंमागं कुणी उभं राहणार नाही याची खात्री केली. लो टाकून ब्रेक घट्ट दाबून धरला, ड्राइव्हमध्ये घेऊन थोडी रेस दिली. दोन-तीन सेकंदच, कारण अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल फार झपाट्यानं तापतं. काही झालं नाही. रिव्हर्सलाही काही नाही. मग ठोकळे दुसऱ्या तिरप्या जोडीखाली घेतले. ड्राइव्हमध्ये घेतलं, रेस दिली, इंजिन आपल्या रबरी माउंटवर एका बाजूला कललं, आणि पडद्यावरची वरची रेघ सरळ शून्यावर कोसळली. डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा, शेजारी एबीएसचा दिवा. रेस सोडली तशी रेघ परत जागेवर आली, पण दिवे तसेच राहिले. हेच आबांना चढावर दिसत होतं.

इतकं कळल्यावर शोधायचा भाग खूप लहान होतो. वरची वायर जमिनीला, म्हणजे चॅसीला टेकतेय. गाडीला विशिष्ट बाजूनं पीळ बसला आणि इंजिन-गिअरबॉक्स कलले, की टेकतेय. म्हणजे जागा अशीच असणार, जिथं वायरिंगचं एक टोक हलणाऱ्या गिअरबॉक्सला आणि दुसरं न हलणाऱ्या चॅसीला बांधलंय. त्या भागातल्या लोखंडाच्या कडांना मी पांढरा खडू ओला करून लावला, वाळू दिला आणि पुन्हा तसाच पीळ, तशीच रेस. इंजिन बंद करून, गाडी नीट टेकू देऊन खाली शिरलो. गिअरबॉक्सच्या मागच्या आडव्या पट्टीच्या कडेवर खडू पुसला गेला होता आणि वरून जाणाऱ्या वायरिंगच्या काळ्या टेपवर पांढरी रेघ उमटली होती. टेप उलगडली. दोन पिळलेल्या वायरींपैकी एकीचं आवरण तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत घासून गेलेलं. आतलं तांबं लखलखीत होतं. जुनी उघडी पडलेली तार काळी किंवा हिरवट पडते, ही रोज घासत असल्यामुळे चकचकीत राहिली होती.

शेजारीच वायरिंग अडकवायच्या प्लास्टिक क्लिपचं भोक रिकामं होतं. गाडीखाली दगडापासून बचावासाठी जाड पत्रा बसवलेला होता. तो बसवताना ती क्लिप काढली गेली आणि परत लागली नाही, एवढाच अर्थ त्यातून निघत होता. वायरिंग दोन बोटं खाली लोंबलं आणि पट्टीच्या कडेवर विसावलं.

दुरुस्ती साधी होती, पण तीही नीट करावी लागते. कॅनच्या वायरींचा पीळ हा शोभेसाठी नसतो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच पडावा आणि त्यांच्यातला फरक तेवढाच राहावा, म्हणून तो असतो. त्यामुळे जोड देताना पीळ कमीत कमी लांबीत उलगडायचा. खराब तुकडा कापून नवा जोडला, आतून डिंक असलेली उष्णतेनं आवळणारी नळी चढवली, पीळ पुन्हा घातला, वरून टेप आणि खाचांची प्लास्टिक नळी. पट्टीची कड कानसीनं मारून तिला रबराची किनार दिली. नवी क्लिप बसवली. मग परत ठोकळे, परत रेस, दोन्ही बाजूंनी. रेघ हलली नाही. त्यानंतर आबा आणि मी पोती भरलेली गाडी घेऊन तो चढ चढून आलो. पुढचा पावसाळा आणि त्याच्या पुढचा काजूचा हंगाम, दोन्ही बिनदिव्याचे गेले.

सगळ्याच गाड्यांची गोष्ट वायर घासण्याची नसते. तापलेला गिअरबॉक्स थंड ओढ्यात बुडला, की आतली हवा एकदम आकसते. हवा घ्यायची नळी चिखलानं बुजली असेल किंवा पुरेशी उंच नसेल, तर सीलमधून पाणी ओढलं जातं. लाल ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं, तर वायरिंग बघत बसायचं नाही, गाडी चालवायची नाही. काही गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल वायरीच्या आतल्या बारीक तारांमधून झिरपत वर चढतं आणि लांबवरच्या कनेक्टरमध्ये उतरतं. कुणी मागचे दोनच टायर नवे आणि वेगळ्या मापाचे घालतं, मग पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाचा हिशोब जुळत नाही. कुणी जादा लाइटसाठी गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरच्याच फ्यूजमधून वायर काढलेली असते. कुणी चिखल काढायला जोरदार पाण्याचा फवारा थेट कनेक्टरवर मारतं. कारणं अनेक आहेत, पण प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. पाण्याचं कारण ओढ्यानंतर दिसतं, लाइटचं रात्री, टायरचं मोकळ्या रस्त्यावर वेगात. म्हणूनच 'कधी' हा प्रश्न मला सगळ्या स्कॅनरपेक्षा मोलाचा वाटतो.

आबांच्या कामाचं बिल केलं, तेव्हा सामानाचे दोनशे रुपयेही झाले नाहीत. तपासणीचे मात्र काही हजार लावले. त्यांच्या मुलानं बिल पाहून विचारलं, "एका वायरीच्या जोडाचे एवढे?" त्याचा प्रश्न रास्त होता. पावणेदोन लाखांचा पार्ट बदलला असता तर खोकं दिसलं असतं, जुना पार्ट हातात मिळाला असता. इथं हातात यायला नखाएवढा वायरीचा तुकडा होता. मी त्याला ऑसिलोस्कोपवर साठवलेल्या दोन रेघा दाखवल्या, एक कोसळलेली आणि एक सरळ. खडूच्या खुणेचा फोटो दाखवला. त्यानं दोन्ही नीट पाहिले आणि पैसे दिले.

त्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे, कारण आमच्या धंद्याचं दुखणं तिथंच आहे. आम्ही पार्टचे पैसे मागतो आणि विचार करण्याचे पैसे पार्टमध्ये लपवतो. मग पार्ट न बदलणारा मिस्त्री उपाशी राहतो आणि अंदाजानं बदलणारा कमावतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात तर जवळपास सगळं काम शोधण्याचंच असतं, जोडण्याचं काम घटकाभराचं. शोधण्याला किंमत नसेल, तर कुणी शोधणार नाही. गिऱ्हाइकाला लबाडीनं लुटणारे थोडे असतात. पण ज्याला शोधायला वेळ परवडत नाही, असा प्रामाणिक मिस्त्रीही शेवटी पार्टच बदलतो.

म्हणून मी आता तपासणीची रक्कम बिलात वेगळ्या ओळीवर लिहितो. ती आधी सांगतो, आणि तिची वरची मर्यादाही सांगतो. मर्यादा आली की फोन करतो, न विचारता पुढं जात नाही. बिघाड सापडला नाही तरी काय काय तपासलं, कुठं किती आकडा आला, हे लिहून देतो, म्हणजे पुढच्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मालकांकडूनही माझी एवढीच अपेक्षा असते: दिवा लागला की घाबरून कोड पुसून घेऊ नका. गाडी सुरक्षित थांबवून डॅशबोर्डचा फोटो काढा आणि त्या वेळी चढ होता की उतार, ओझं किती होतं, कोणता गिअर होता, ते चार ओळींत टिपून ठेवा.

आयटीआय करून माझ्याकडे आलेली पोरं हुशार असतात. सर्किटचा नकाशा पटकन वाचतात, ऑसिलोस्कोप दोन दिवसांत शिकतात. त्यांना शिकायला कठीण जाते ती थांबायची सवय: हात आवरून आधी विचारायचं, बिघाड डोळ्यांसमोर घडेपर्यंत धीर धरायचा. ती सवय लागायला वर्षं जातात, आणि ज्या गॅरेजला फक्त बदललेल्या पार्टचे पैसे मिळतात, तिथं ती लागूच शकत नाही. गाडीखाली खडू लावून आडव्या पडलेल्या मुलाला शोधायला वेळ मिळायला हवा, आणि त्या वेळाचा मोबदलाही.